ध्वनिवाहक तारा आणि त्यांच्या जोडण्या

बंगळूरमधील चामराजपेट ही वसाहत १८९२ मध्ये आखण्यात आली. या वसाहतीतील जुन्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर दरवर्षी रामनवमीच्या सुमारास मोठा मंडप उभा राहतो आणि सुमारे महिनाभर कर्नाटक संगीताच्या मैफली चालतात. एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी १९३९ मध्ये स्थापन केलेल्या श्री रामसेवा मंडळीने हा उत्सव सुरू केला. पुण्यात १९५३ पासून भरत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाप्रमाणेच येथेही गायक आणि शेवटच्या रांगेतील श्रोता यांच्यामध्ये बरेच अंतर असते. हे अंतर गायकाचा आवाज विजेच्या रूपाने तोडतो. ध्वनिग्राहक त्या आवाजाचे विद्युत्-संकेतात रूपांतर करतो, तारा तो संकेत विवर्धकापर्यंत नेतात आणि ध्वनिक्षेपक त्याला पुन्हा नादरूप देतो.

अशा मैफलींपैकी काहींचे मुद्रण चुंबकीय फितींवर झाले. पुढे त्यांतून ध्वनिमुद्रिका किंवा संगणकीय प्रत तयार करावयाची झाल्यास फीत मुद्रणगृहात नेली जाते. तेथे फीतयंत्रातून निघालेला संकेत स्वरसंतुलक, पातळीनियंत्रक इत्यादी उपकरणांतून फिरवून त्याची अंतिम प्रत सिद्ध करतात. या कामाला मास्टरिंग म्हणतात. जुन्या फितींच्या बाबतीत या कामाला विशेष गांभीर्य असते. काही फितींवरील चुंबकीय लेप काळाच्या ओघात सैल होतो आणि फीत वाजवतानाच खरवडली जाते. म्हणून एखाद्या फितीचे एक वादन हेच तिचे शेवटचे वादन ठरू शकते. त्या वेळी तारेतील दोषामुळे जी गुणगुण संकेतात मिसळेल, ती नव्या प्रतीत कायमची राहील. उपकरणे कितीही उत्तम असली, तरी त्यांना जोडणाऱ्या तारांचा विचार प्रथम करावा लागतो, तो याच कारणासाठी.

संकेताची पातळी

दोन उपकरणे जोडताना पहिला प्रश्न असतो तो संकेताच्या विद्युत्-दाबाचा. ध्वनिग्राहकातून येणारा दाब व्होल्टच्या हजाराव्या भागाइतका अल्प असतो. तो वाढवून ज्या पातळीवर आणतात, तिला वाहिनी-पातळी म्हणतात. या पातळीचे दोन संकेत रूढ आहेत. व्यावसायिक उपकरणांत ती सुमारे १.२३ व्होल्ट, तर घरगुती उपकरणांत सुमारे ०.३२ व्होल्ट धरतात. म्हणजे पहिली दुसरीच्या जवळजवळ चौपट आहे.

घरगुती फीतयंत्र व्यावसायिक उपकरणाला तसेच जोडले, तर संकेत क्षीण राहतो. तो वाढवण्यासाठी पुढे विवर्धन करावे लागते आणि त्याबरोबर उपकरणाची स्वतःची खरखरही वाढते. उलट जोडणी केली, तर घरगुती उपकरणाला दाब पेलत नाही, संकेताची शिखरे छाटली जातात आणि आवाज फाटतो. यांपैकी दुसरा दोष अधिक घातक होय, कारण छाटलेले शिखर मागाहून कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. साखळीतील प्रत्येक उपकरणात संकेत खरखरीच्या पुरेसा वर आणि फाटण्याच्या मर्यादेच्या पुरेसा खाली ठेवणे, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे.

संरोध आणि तारेची लांबी

दुसरा प्रश्न संरोधाचा आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाला मंडलाकडून होणाऱ्या विरोधास संरोध म्हणतात. जुन्या दूरध्वनी-वाहिन्यांत देणाऱ्या आणि घेणाऱ्या उपकरणांचा संरोध समान, बहुधा ६०० ओहम, ठेवण्याची प्रथा होती. समान संरोधामुळे जास्तीत जास्त शक्ती पुढे जाते, परंतु दाब मात्र निम्मा होतो. ध्वनिमुद्रणात शक्तीपेक्षा दाबाला महत्त्व असल्याने आधुनिक उपकरणांत निर्गम संरोध सुमारे ५० ते १५० ओहम आणि आगम संरोध १०,००० ओहम किंवा त्याहून अधिक ठेवतात. एवढा फरक असला म्हणजे दाब जवळजवळ अबाधितपणे पुढे पोचतो.

निर्गम संरोध कमी असण्याचा आणखी एक लाभ आहे. तार म्हणजे केवळ तांब्याचा धागा नव्हे. आतील तार आणि तिच्याभोवतीचे धातूचे जाळीदार आवरण मिळून एक धारित्र बनते. त्याची धारणा तारेच्या प्रकारानुसार बदलते, पण साधारणपणे मीटरमागे १०० पिकोफॅराड धरता येते. मंडपात व्यासपीठापासून नियंत्रण-मेजापर्यंत ५० मीटर तार टाकली, तर एकूण धारणा ५,००० पिकोफॅराड होते. ध्वनिग्राहकाचा संरोध २०० ओहम असेल, तर या धारणेमुळे सुमारे १,६०,००० हर्ट्झच्या पुढील कंप्रता क्षीण होऊ लागतात. मानवी कानाची मर्यादा २०,००० हर्ट्झच्या आसपास असल्याने त्याची बाधा श्रोत्याला होत नाही. हाच संरोध १०,००० ओहम असेल, तर ऱ्हास ३,२०० हर्ट्झच्या जवळच सुरू होतो. मग गायकाच्या शब्दांतील ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात आणि मृदंगाच्या बोलांतील धार नाहीशी होते. अशा वेळी दोष गायकाला किंवा ध्वनिक्षेपकाला दिला जातो. वस्तुतः तो उच्च संरोधाच्या उगमाला लांब तार जोडण्याचा असतो.

संतुलित वाहिनी

तारेवर बाहेरच्या विद्युत्-क्षेत्रांचाही परिणाम होतो. दिव्यांच्या तारा, पंखे, रोहित्रे या सर्वांभोवती प्रत्यावर्ती क्षेत्र असते आणि ते शेजारच्या तारेत अल्प दाब प्रवर्तित करते. त्यावर दूरध्वनीच्या तंत्रज्ञांनी जो उपाय शोधला, त्याला संतुलित वाहिनी म्हणतात.

साध्या किंवा असंतुलित वाहिनीत एक तार आणि तिचे आवरण एवढेच असते. आवरणच संकेताच्या परतीचा मार्ग बनते, म्हणून आवरणातील प्रत्येक उपद्रव संकेतात मिसळतो. संतुलित वाहिनीत एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा आणि त्यांभोवती स्वतंत्र आवरण असते. संकेत दोन तारांमधील दाबाच्या फरकाच्या रूपाने जातो. बाहेरचा उपद्रव मात्र दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडचे उपकरण दोन तारांमधील फरक तेवढा घेते. समजा, दोन्ही तारांवर एक-एक मिलिव्होल्टचा उपद्रव आला, तर त्यांची वजाबाकी शून्य होते. संकेत टिकतो, उपद्रव गळून पडतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दोन्ही तारांवर सारखा आणि उलट संकेत असणे, हे संतुलनाचे मर्म नव्हे. दोन्ही तारांचा भूमीच्या संदर्भातील संरोध सारखा असणे, हे खरे मर्म होय. तसा तो नसेल, तर उपद्रव दोन तारांवर विषम प्रमाणात पडेल आणि वजाबाकीनंतरही काही अंश शिल्लक राहील. खराब झालेला एकच सांधा संतुलित वाहिनीचा गुण घालवू शकतो, तो यामुळेच.

संतुलित वाहिनीसाठी तीन टोकांचा एक्सएलआर जोड सर्वत्र वापरतात. त्यात पहिले टोक आवरणाचे, दुसरे धन तारेचे आणि तिसरे ऋण तारेचे, असा संकेत १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय ध्वनि-अभियांत्रिकी संस्थेने प्रमाणित केला. त्यापूर्वीच्या काही उपकरणांत तिसरे टोक धन असे. अशा उपकरणाची गाठ नव्याशी पडली, तर संकेत उलटा होतो. एकाच वाहिनीत हे कानाला सहसा कळत नाही, पण डाव्या आणि उजव्या वाहिन्यांपैकी एकच उलटली, तर दोन्ही एकत्र करताच मध्यभागी असलेला गायकाचा आवाज विरून जातो.

भूयोजन आणि गुणगुण

मुद्रणगृहातील सर्वांत चिवट दोष म्हणजे विजेची गुणगुण. भारतात वीजपुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा असतो, म्हणून ही गुणगुण ५० हर्ट्झवर आणि तिच्या १००, १५० हर्ट्झ अशा पटींवर ऐकू येते.

संगीताच्या दृष्टीने ही कंप्रता फार अडचणीच्या जागी आहे. पुरुष गायकाचा षड्ज १३१ हर्ट्झवर असेल, तर तंबोऱ्याची पंचमाची तार सुमारे ९८ हर्ट्झवर येते. तिच्या शेजारी १०० हर्ट्झची गुणगुण असेल, तर दोघींत सेकंदाला दोन या वेगाने स्पंद निर्माण होतात आणि उत्तम जुळलेला तंबोराही हेलकावताना वाटतो. १५० हर्ट्झची पट चतुःश्रुती ऋषभाच्या, म्हणजे १४७ हर्ट्झच्या, निकट पडते. या कंप्रता मागाहून गाळून टाकाव्या, तर त्यांबरोबर तंबोऱ्याचा आणि गळ्याचाही काही भाग जातो. गुणगुण संकेतात शिरूच न देणे, हा उत्तम मार्ग आहे.

तिचे एक प्रमुख कारण म्हणजे भूयोजनाचे वलय. दोन उपकरणे विजेच्या तिसऱ्या तारेने भूमीशी जोडलेली असतात आणि ध्वनिवाहक तारेच्या आवरणाने एकमेकांशीही जोडलेली असतात. यातून एक बंद वलय तयार होते. आसपासचे चुंबकीय क्षेत्र त्या वलयात प्रवाह प्रवर्तित करते आणि आवरणातून तो वाहू लागतो. व्यावसायिक पातळीच्या संकेतात अवघा सव्वा मिलिव्होल्ट मिसळला, तरी गुणगुण संकेताच्या केवळ ६० डेसिबेल खाली राहते. आलापनेचा हळुवार भाग तारस्वरातील गायनाहून ३० डेसिबेल खाली असू शकतो. तेथे गुणगुण आणि गायन यांत ३० डेसिबेलचेच अंतर उरते आणि शांत खोलीत ती स्पष्ट ऐकू येते.

यावर एक अत्यंत धोकादायक उपाय काही ठिकाणी केला जातो. उपकरणाच्या वीजजोडणीची तिसरी, भूमीची तार तोडून टाकतात. गुणगुण थांबते, पण त्याबरोबर माणसाचे रक्षणही संपते. उपकरणात बिघाड होऊन त्याच्या धातूच्या पेटीवर २३० व्होल्ट आले, तर ती वीज भूमीकडे जाण्यासाठी हात लावणाऱ्या माणसाचाच मार्ग निवडते. बंगळूरमध्ये एप्रिल-मे महिन्यांत वळिवाच्या सरी येतात. ओल्या जमिनीवरील मंडपात हा धोका कैक पटींनी वाढतो. भूमीची तार कोणत्याही कारणास्तव तोडू नये.

योग्य उपाय वेगळे आहेत. सर्व उपकरणांना वीज एकाच फलकावरून द्यावी, म्हणजे वलय लहान राहते. संतुलित जोडण्या वापराव्यात. आवश्यक तेथे संकेताच्या मार्गात ध्वनि-रोहित्र घालावे. रोहित्रात संकेत चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो आणि दोन बाजूंचा धातूचा संबंध तुटतो. ध्वनिवाहक आणि विजेच्या तारा समांतर नेऊ नयेत. त्यांनी एकमेकींना ओलांडणे भाग असेल, तर काटकोनात ओलांडावे. आवरणाची तार पेटीत शिरताच थेट पेटीच्या धातूला जोडलेली असावी. ती आतील मंडलात जोडल्यास आवरणातील प्रवाह सरळ संकेतात शिरतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये या दोषाचे सविस्तर विवेचन केले आणि पुढे २००५ मध्ये त्याविषयी प्रमाणक प्रसिद्ध झाले.

जोडफलक

मुद्रणगृहात उपकरणांचा क्रम वरचेवर बदलावा लागतो. त्यासाठी सर्व उपकरणांची आगम-निर्गम टोके एका फलकावर आणतात आणि आखूड तारांनी हवी ती जोडणी करतात. या जोडफलकाचा उगम दूरध्वनी केंद्रात आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. तशा केंद्रांतील चालक ज्या खुंट्या खोबणीत घालून दोन ग्राहकांना जोडीत, त्यांचेच वंशज आज ध्वनिमुद्रणात वापरात आहेत.

फलकावरील खोबणी सहसा अशा बनवतात की, खुंटी घातलेली नसताना वरच्या खोबणीतील निर्गम आपोआप खालच्या खोबणीतील आगमाला मिळतो. रोजचा मार्ग त्यामुळे कोणतीही तार न लावता तयार असतो. हे सोयीचे खरे, पण आतील स्पर्शिका मलिन झाल्या, तर संकेत मधूनच क्षीण होतो किंवा फाटतो. मुंबईसारख्या दमट हवेत असे विशेष घडते. म्हणून खोबण्या आणि खुंट्या ठराविक काळाने स्वच्छ कराव्या लागतात.

डाखकाम आणि तपासणी

जोडाची मजबुती डाखावर अवलंबून असते. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते व गोठते, म्हणून ते दीर्घकाळ पसंत केले गेले. प्रथम तार आणि टोक तापवावे आणि डाख त्यांच्या उष्णतेने वितळू द्यावा. केवळ तापल्या सळईवर वितळवून टाकलेला डाख धातूला धरत नाही. राळयुक्त डाखच वापरावा, कारण आम्लयुक्त द्रव्य कालांतराने तार खाऊन टाकते.

जोडणी पूर्ण झाल्यावर फीत लावण्यापूर्वी संपूर्ण मार्गाची परीक्षा घ्यावी. १०० हर्ट्झ, १,००० हर्ट्झ आणि १०,००० हर्ट्झ यांचे शुद्ध स्वर साखळीच्या आरंभी सोडावेत आणि अखेरीस दोन्ही वाहिन्यांची पातळी मोजावी. १०,००० हर्ट्झचा स्वर उतरला असल्यास तारेची धारणा किंवा संरोध तपासावा. एका वाहिनीत पातळी कमी भरल्यास सांधा तपासावा. नंतर स्वर बंद करून विवर्धन वाढवावे आणि शांततेत काय उरते ते ऐकावे. गुणगुण असल्यास उपकरणे एकेक करून सोडवावीत. ज्याच्या सुटण्याने ती थांबते, त्याच्या जोडणीत दोष असतो. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांवर क्रमांक लिहावा आणि त्यांची नोंदवही ठेवावी.

या सर्व कामाला एखादा दिवस लागतो. फितीवरील मैफल मात्र पुन्हा होणार नसते. ती गाणारा गायक, साथ करणारे वादक आणि समोरचे श्रोते आता एकत्र येऊ शकत नाहीत. म्हणून फीत यंत्रावर चढवण्यापूर्वी तारांचा मार्ग निर्दोष करून घेणे, हे मुद्रकाचे पहिले कर्तव्य ठरते.