वर्गाचा निकाल कमी, म्हणून मुलीची शाळा बदलू का?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषद शाळेत दुसरीत आहे. वर्गात बरीच मुले तांड्यावरची, घरी गोरमाटी बोलणारी. काही दिवाळीच्या सुमारास आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातात. वर्गाचा निकाल कमी लागतो. नातेवाईक म्हणतात, इंग्रजी शाळेत घाला. काय करू?
– एक आई, सोनपेठ

उत्तर : ताई, वर्गाची सरासरी म्हणजे तुमच्या मुलीची प्रगती नव्हे. ऊसतोडीला गेलेल्या मुलांची शाळा कित्येक महिने बुडते, म्हणून सरासरी खाली येते; ती मुले हुशारीत कमी नसतात. आणि शेजारच्या मुलाची घरची भाषा वेगळी असल्याने आपल्या मुलीचे मराठी बिघडत नाही.

तिने न पाहिलेला दुसरीचा एखादा उतारा वाचायला द्या आणि काय समजले ते सांगायला लावा. मग ५२ मधून २७ वजा करायला द्या. दशक सुटा करून २५ काढले, तर निर्धास्त राहा. अक्षरे जुळवताना फारच अडखळली, तर बाईंना भेटा, डोळेही तपासून घ्या.

इंग्रजी शाळेची घाई नको. घरी कुणी इंग्रजी बोलत नसेल, तर मूल अर्थ न कळता पाठ करू लागते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचाही भर शक्यतो पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी लावून धरा. ती मुले गावात राहिली, तर सगळा वर्ग सलग शिकेल. बैठकीची तारीख मुख्याध्यापकांना आजच विचारा.