फोन आपल्या मापाचा करताना

नवा फोन घेण्याआधी हातातला फोन नीट उलगडून पाहावा, हे मला घरातल्या दोन वयस्क माणसांमुळे कळलं. आईची नजर अधू झाली, वडिलांना, म्हणजे दादांना, ऐकू कमी येऊ लागलं. त्यांच्यासाठी शोधलेल्या बऱ्याचशा सोयी आता मीही रोज वापरते.

१. सगळ्यात कामाच्या गोष्टी सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ या पानावर असतात, आणि तिकडे आपण सहसा फिरकत नाही. देवनागरीला मुळातच अक्षर मोठं लागतं. इंग्रजीला पुरणाऱ्या आकारात आपले रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं एकमेकांत मिसळून जातात. आईच्या फोनवर अक्षर मोठं आणि ठळक केलं, तेव्हा ती बहिणीचे लांबलचक मेसेज पुन्हा स्वतः वाचू लागली. अक्षर एकेक पायरीनंच वाढवावं. फार मोठं केलं तर काही ॲपमधली बटणं पडद्याबाहेर जातात. औषधाच्या पट्टीवरची मुदतीची तारीख वाचायला ती आता फोटो काढते आणि दोन बोटांनी मोठा करते. ही युक्ती तिचीच.

२. दादांना आवाज कमी पडत नव्हता, शब्द निसटत होते. म्हणून ओरडून बोलण्याचा उपयोग होत नव्हता. गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ २०१९ मध्ये आलं. समोरचं बोलणं ते तिथल्या तिथे लिहून दाखवतं, मराठीतही. टॅब्लेट लोणच्याच्या बरणीला टेकवून जेवणाच्या टेबलावर उभा केला. लेकीनं विचारलं, “आजोबा, आमटी तिखट झालीये का?” दादांनी पडद्यावर वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “जराशी. पण तू केलीस ना, मग वाढ अजून.” मध्ये कुणाला दुभाष्या व्हावं लागलं नाही. गावांची नावं, आडनावं ते हमखास चुकवतं, आणि दोघं एकदम बोलले की सगळा गोंधळ. पण त्यातूनच मला अनपेक्षित असं काही घडलं. आम्ही एका वेळी एकजण बोलू लागलो, वाक्यं पुरी करू लागलो, दादांचं वाचून होईपर्यंत थांबू लागलो. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सर्वांत एकटं पाडतं ते “काही नाही, सोडा” हे उत्तर. ते आमच्या टेबलावरून गेलं, याचं मला आजही फार अप्रूप आहे.

३. बोलून लिहिलेल्या मराठीत माणसाचा आवाज उतरतो. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय आली. माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं. आईनं तशीच डिंकाच्या लाडवांची कृती सांगितली: “डिंक फुलेपर्यंत तळायचा, पण लाल होऊ द्यायचा नाही, नाहीतर मेलं सगळं कडू होतं.” कागदावर लिहिताना तिनं ‘मेलं’ नक्कीच गाळलं असतं. विरामचिन्हं मात्र मागून हातानं घालावी लागतात.

४. रेंज गेली तरी आपण कुठे आहोत हे फोनला कळत असतं, कारण जीपीएसचे संकेत उपग्रहांकडून येतात. इंटरनेट लागतं ते नकाशा उघडायला. म्हणून ताम्हिणी घाटाकडे निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून घेते.

५. बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात गाडीच्या काचेमागे उन्हात फोन ठेवणं टाळलं, चार्जिंग साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान राखलं, की बॅटरी जास्त वर्षं साथ देते. याहून जास्त जपायची गरज मला वाटत नाही.

६. कुलूप लावलेला फोनही आपल्यासाठी बोलू शकतो. रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी आणि घरच्यांचे क्रमांक फोनमधल्या आपत्कालीन माहितीत भरून ठेवले, तर पासवर्ड न टाकताही ते पाहता येतात. ही माहिती कुलपाच्या पडद्यावर दिसण्याची परवानगी तेवढी चालू आहे ना, ते बघावं. दादा सकाळी एकटे फिरायला जातात. त्यांच्यासाठी ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करणाऱ्या अनोळखी माणसाला आधी हेच लागेल.

७. दुसऱ्याच्या फोनला विचारल्याशिवाय हात लावू नये, मग ते आपले आईवडील का असेनात. दादांना चित्रांच्या जागा पाठ असतात. आपण ‘नीटनेटकं’ करायला जातो आणि त्यांची बोटं वाट चुकतात. शिकवतानाही फोन त्यांच्याच हातात राहायला हवा. आपण पटापट करून दाखवलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही, स्वतःच्या बोटानं केलेलं राहतं. दादांनी त्यासाठी एक वही केली आहे. त्यात व्हिडिओ कॉलची नोंद अशी: “हिरवं चित्र. नावावर टिचकी. वर उजवीकडे कॅमेरा. लगेच बोलू नये, चेहरा दिसू द्यावा.” मी सांगितलेल्या पायऱ्यांपेक्षा ही नोंद सरस आहे, शेजारच्या काकूंनी ती उतरवून नेली. पहिल्या पानावर मात्र माझ्या आग्रहाखातर त्यांनी लाल शाईनं १९३० लिहिलंय. ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर तक्रारीचा हा सरकारी क्रमांक. फोन जितक्या लवकर होईल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. त्याखाली दादांनी स्वतःहून भर घातली: “आधी हा लावावा, मग मुलीला.”