मंद अतिनवताऱ्याचे निरीक्षण

सूर्याच्या साधारण 8 ते 10 पट वस्तुमानाच्या तांबड्या महाराक्षसी ताऱ्याचा स्फोट कधीकधी फार मंद असतो. त्याच जातीचे नेहमीचे अतिनवतारे उणे 17 च्या आसपासची निरपेक्ष प्रत गाठतात. हे मंद अतिनवतारे मात्र उणे 14 ते उणे 15.5 वरच थांबतात. जून 2005 मध्ये एम 51 दीर्घिकेत जर्मन हौशी निरीक्षक वोल्फगांग क्लोएर यांना सापडलेला ‘एसएन 2005सीएस’ हा त्यांचा ठळक नमुना. त्याची दृश्य प्रत जेमतेम 14.5 होती. असा तारा एका रात्रीत ओळखता येत नाही, म्हणून चार-पाच महिन्यांची तयारी ठेवा.

साहित्य: 20 सेंमी किंवा मोठी दुर्बीण, ताऱ्यांमागे फिरणारी बैठक, थंड केलेला एकरंगी कॅमेरा, व्ही फिल्टर, प्रकाशमापनाचे सॉफ्टवेअर, काळोखी जागा.

कृती:

1. ट्रान्झिएंट नेम सर्व्हर या नव्या अतिनवताऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर 5 कोटी प्रकाशवर्षांच्या आतला, दुसऱ्या प्रकारचा ताजा अतिनवतारा शोधा. महाराष्ट्रातून निरीक्षण करणार असाल तर ऑक्टोबर ते जानेवारीत सापडलेला घ्या. पावसाळ्याआधी निरीक्षण पुरे होईल.

2. दीर्घिका क्षितिजापासून 30 अंशांहून उंच आली की 60 सेकंदांची निदान 30 छायाचित्रे घ्या. त्याच रात्री डार्क (झाकण लावून घेतलेली) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाची) छायाचित्रेही घ्या.

3. डार्क-फ्लॅटची दुरुस्ती करून छायाचित्रे एकावर एक रचा.

4. स्फोटापूर्वीचे त्याच भागाचे छायाचित्र त्यातून वजा करा. दीर्घिकेचा उजेड मिसळला तर मंद तारा खोटाच तेजस्वी भासतो.

5. एएव्हीएसओ या चलताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेच्या नकाशातील तुलनाताऱ्यांवरून प्रत काढा. प्रत, त्रुटी आणि वेळ नोंदवा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा, त्यासाठी भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा.

6. दर तीन-चार रात्रींनी हेच करा. साधारण 100 ते 120 दिवस तेज जवळपास स्थिर राहते. हेच पठार.

7. दृश्य प्रतीतून अंतराचा फरक वजा करा. एम 51 सुमारे 2.8 कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिथे हा फरक 29.7, म्हणून 14.5 ची निरपेक्ष प्रत उणे 15.2 येते.

8. धुळीमुळेही तारा मंद दिसतो. वर्णपटात सोडियमच्या ठळक रेषा असतील तर धुळीचा हिशेब आधी करा. खऱ्या मंद स्फोटात पठाराच्या अखेरीस वायूचा वेग सेकंदाला हजार-दीड हजार किमीच असतो.

9. पठार संपले की तेज तीन प्रतींहून अधिक कोसळू शकते. किरणोत्सारी निकेल कमी तयार झाल्याची ही खूण. तारा दिसेनासा झाला तरी छायाचित्र घ्या आणि ‘अमुक प्रतीपर्यंत दिसला नाही’ अशी नोंद करा.

तेजस्वी स्फोटांकडे सगळ्यांचे लक्ष जाते. मंद स्फोटांच्या नोंदी अपुऱ्या राहतात. तुमच्या सगळ्या नोंदी, न दिसल्याच्यासुद्धा, एएव्हीएसओकडे जरूर पाठवा.