इंजिनचं काम निघालं! आता कायदा कोणाच्या बाजूने?

गाडीवेड्यांना पुण्यासारखं गाव नाही. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये बाजारात आली, साधारण १०५ अश्वशक्तीची. रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली, ती तर थेट १४५ च्या घरात. नव्या होत्या तेव्हा या गाड्या आपण फक्त सिग्नलला बघायचो. आता त्या सेकंडहँड बाजारात आहेत आणि किंमत आवाक्यात आली आहे. पण त्यातल्या बऱ्याच गाड्या कंपनीतून निघाल्या तशा राहिलेल्या नाहीत. कुणी ईसीयू रीमॅप करून घेतलेला असतो, कुणी मोठा टर्बो बसवलेला असतो, तर कुणी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकलेला असतो.

अशी गाडी घेतली आणि दोन महिन्यांत इंजिन बसलं, तर काय? कट्ट्यावर याची दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे "सेकंडहँड घेतलीस ना, मग भोग!" आणि दुसरं, "टाक केस!" खरं सांगायचं तर दोन्ही अर्धवट आहेत. इंजिन बसलं एवढ्याने कायदा भरपाई देत नाही. विकणाऱ्याने काय सांगितलं होतं आणि इंजिन उघडल्यावर काय निघालं, या दोन गोष्टींची तो तुलना करतो. यातली दुसरी गोष्ट आपल्या अभ्यासक्रमातली आहे, म्हणून हा लेख.

एक उदाहरण घेऊ

समजा, आपल्या एका मित्राने ४ लाख ८० हजारांना टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली. त्यासाठी वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढलं. जाहिरातीत लिहिलं होतं: "स्टेज टू रीमॅप, फोर्ज्ड पिस्टन, इंजिन आत्ताच रीबिल्ट, एक रुपयाचं काम नाही." सातव्या आठवड्यात खंबाटकी चढताना इंजिनातून ठकठक सुरू झाली, ऑइलचा लाल दिवा लागला आणि गाडी जागेवर थांबली. गॅरेजवाल्याने खर्च सांगितला १ लाख ९० हजार. विकणारा म्हणतो, "व्यवहार संपला. आणि ट्यून केलेली गाडी आहे, तुम्हीच पिदडली असेल."

आता मित्राच्या हातात काय आहे ते क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न: विकणारा कोण?

सगळं यावरून ठरतं. वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ चा मूळ नियम 'ग्राहका, तूच सावध राहा' असाच आहे. म्हणजे दर्जाची हमी आपोआप मिळत नाही. पण त्याला अपवाद आहेत. विकणारा त्याच प्रकारच्या मालाचा धंदा करणारा असेल आणि माल वर्णनावरून घेतला असेल, तर तो विक्रीयोग्य दर्जाचा असलाच पाहिजे. त्यातही एक मेख आहे. तुम्ही गाडी तपासून घेतली असेल, तर त्या तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. टायर गुळगुळीत होते हे कारण चालणार नाही. क्रँकच्या बेअरिंगची झीज मात्र बॉनेट उघडून दिसत नाही.

डीलरकडून गाडी घेतली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सुद्धा लागू होतो. हा कायदा फक्त नव्या वस्तूंसाठी नाही, आणि पैसे वडिलांनी भरले असले तरी त्यांच्या संमतीने गाडी वापरणारा मुलगाही ग्राहक ठरतो. मात्र गाडी घ्यायची, सजवायची आणि नफ्यात विकायची असा तुमचा उद्योग असेल, तर तुम्ही ग्राहक नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद आरटीओकडे करावी लागते. डीलरला पहिला प्रश्न हाच विचारा, "अधिकारपत्र दाखवता का?"

विकणारा तुमच्या-आमच्यासारखा साधा मालक असेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ता बहुधा बंद, कारण तो व्यापारी नाही. दर्जाची आपोआप मिळणारी हमीही नाही. मग काय, सगळं संपलं? नाही!

दुसरा प्रश्न: तो काय म्हणाला होता?

त्याच कायद्याचं कलम १५ सांगतं की माल वर्णनावरून विकला असेल, तर तो वर्णनाशी जुळला पाहिजे. इथे 'धंदा करणारा' अशी अट नाही. हे कलम साध्या मालकालाही लागू आहे.

आणि इथेच मॉडिफाय केलेल्या गाडीची गंमत आहे. साध्या गाडीची जाहिरात कशी असते? "सिंगल हँड, वेल मेंटेन्ड." यात पकडण्यासारखं काही नाही. मॉडिफाय केलेल्या गाडीची जाहिरात म्हणजे दाव्यांची यादीच असते! फोर्ज्ड पिस्टन, अमुक टर्बो, तमुक क्लच, इतकी अश्वशक्ती, रीबिल्ट इंजिन. विकणारा फुशारकी मारत जे जे लिहितो, ते प्रत्येक वाक्य तपासता येतं. आपल्या मित्राचं इंजिन उघडल्यावर आत कंपनीचेच कास्ट पिस्टन निघाले, तर वर्णन खोटं ठरलं. मग "सेकंडहँडला गॅरंटी नसते" हे उत्तर तिथे पुरत नाही.

याला करार कायदा, १८७२ ची जोड आहे. जाणूनबुजून खोटं सांगितलं तर कलम १७ खाली कपट. खरं समजून चुकीचं सांगितलं तरी कलम १८ खाली चुकीचं निवेदन. नुसतं गप्प राहणं सहसा कपट होत नाही, पण मुद्दाम लपवणं होतं. विकण्याच्या आदल्या दिवशी रीमॅप काढून मूळ सॉफ्टवेअर भरणं किंवा स्कॅनर लावून फॉल्ट कोड पुसणं, हे लपवणं झालं. कोड पुसल्याची खूण राहते बरं का! ओबीडीमधले रेडिनेस मॉनिटर 'अपूर्ण' दाखवत असतील, तर अलीकडे कोणीतरी कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे असं समजावं.

कलम १९ चा एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. साध्या काळजीने खरं कळण्यासारखं होतं, तर चुकीच्या निवेदनाच्या जोरावर करार रद्द करता येत नाही. म्हणून घेण्याआधीची तपासणी टाळू नका आणि तिची पावती जपा.

"जशी आहे तशी, जिथे आहे तिथे" असं विक्रीपत्रात लिहिलं असेल तर? कलम ६२ प्रमाणे गृहीत धरलेल्या हमी करारानेच काढून टाकता येतात, त्यामुळे या वाक्याला वजन आहे. पण तो खोटं बोलण्याचा परवाना नव्हे.

तिसरा प्रश्न: इंजिन कशामुळे गेलं?

इथून पुढे वकील थांबतो आणि मेकॅनिकलवाला सुरू होतो. विकणाऱ्याचे बचाव ठरलेले असतात: 'तुम्ही पिदडली', 'ऑइल बदललं नाही', 'पाण्यात घातली', 'ट्यून केलेलं इंजिन असंच जातं'. यातलं खरं काय ते पार्ट सांगतात.

- पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटल्या आहेत, प्लगच्या पोर्सेलिनवर मिरीसारखे काळे ठिपके आहेत: नॉकिंग. बूस्ट किंवा इग्निशन ॲडव्हान्स जास्त, नाहीतर पेट्रोल कमी ऑक्टेनचं. संशय रीमॅपवर.
- पिस्टनच्या माथ्यावर वितळून भोक पडलं आहे: प्री-इग्निशन किंवा लीन मिश्रण.
- कनेक्टिंग रॉड वाकला आहे, एअर फिल्टर ओला आहे: सिलिंडरमध्ये पाणी गेलं. पावसाळ्यात भुयारी मार्गातल्या पाण्यात गाडी घातली, तर दोष चालवणाऱ्याचा.
- बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांबं दिसतंय, फिल्टरमध्ये चकाकणारा चुरा आहे: ऑइल पोचलं नाही, किंवा झीज आधीपासून होती.
- तुटलेल्या भागावर समुद्रकिनाऱ्यावरच्या लाटांसारख्या रेषा आहेत: फटीग. म्हणजे भेग बरेच दिवस वाढत होती. सात आठवड्यांपूर्वीच ती असण्याची शक्यता मोठी. पृष्ठभाग एकसारखा खरखरीत असेल, तर एका झटक्यात तुटलं.

पाहिलंत? मटेरियल सायन्सच्या व्हायवाला जे घोकतो, त्यावर इथे दोन लाखांचा निकाल फिरतो. रीमॅप आहे हे सांगून गाडी विकली आणि इंजिन नॉकिंगने गेलं, तर मित्राची बाजू लंगडी, कारण तो धोका त्याने माहीत असून घेतला. पण 'आत्ताच रीबिल्ट' म्हणून विकलेल्या इंजिनात जुनीच झिजलेली बेअरिंग निघाली, तर बाजू भक्कम. बदल दोन्हीकडे कापतात.

इंजिन खोलायची घाई करू नका

सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. गाडी बंद पडली की आपण गॅरेजवाल्याला "खोल" म्हणतो, तो खोलतो, जुने पार्ट भंगारात जातात, आणि नंतर वकील विचारतो, "पुरावा?" म्हणून हा क्रम पाळा:

१. पुन्हा स्टार्टर मारू नका. गाडी टो करून न्या. ओडोमीटर, डॅशबोर्डवरचे दिवे आणि डिपस्टिक यांचे तारखेसह फोटो काढा.

२. ईसीयूतले फॉल्ट कोड, फ्रीझ फ्रेम आणि सॉफ्टवेअरचा क्रमांक वाचून छापून घ्या. काहीही पुसू नका.

३. ऑइलचा नमुना स्वच्छ बाटलीत घ्या, सील करून सही-तारीख टाका. ऑइल फिल्टर फेकू नका.

४. विकणाऱ्याला लेखी नोटीस पाठवा, पोचपावतीसह: "अमुक तारखेला अमुक ठिकाणी इंजिन उघडणार आहोत, हजर राहा." तो आला नाही तरी त्याला संधी दिल्याची नोंद राहते.

५. उघडताना चार्टर्ड इंजिनिअर किंवा स्वतंत्र सर्व्हेअर समोर असू द्या. पूर्ण व्हिडिओ काढा. एकूण एक पार्ट जपून ठेवा.

६. जाहिरात, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे दिल्याची नोंद, पेट्रोल-ऑइलची बिलं एकत्र करा. मोबाइलमधल्या पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन फॉरमॅट करू नका.

दाद कुठे मागायची?

डीलरविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतची खरेदी तिथे चालते, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, त्यामुळे गाडी मुंबईहून आणली असली तरी पुण्यात चालेल. मुदत २ वर्षं. ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती आहे, आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तपासणीशिवाय दोष कळत नसेल, तर आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो (कलम ३८). बरं, या चळवळीत पुण्याचाही वाटा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत १९७४ मध्ये इथेच सुरू केली, ग्राहक कायदा त्यानंतर १२ वर्षांनी, १९८६ मध्ये आला.

साध्या मालकाविरुद्ध दिवाणी न्यायालय, मुदत साधारण ३ वर्षं. ठरवून फसवलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, पण निव्वळ इंजिन बिघडलं म्हणून पोलिस धावून येणार नाहीत.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. गाडी स्वीकारून वापरली, की सहसा ती परत करता येत नाही, नुकसानभरपाई मागता येते. नव्या गाड्यांच्या बाबतीतही २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगच्या खटल्यात म्हटलं होतं की, भाग सदोष असेल तर भाग बदलून द्यावा, अख्खी गाडी नव्हे. २०१९ च्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' असा भारी शब्द आहे, पण त्यात खुद्द वस्तूचं झालेलं नुकसान धरलेलं नाही. बसलेल्या इंजिनासाठी 'सदोष वस्तू' हाच मुद्दा घ्यावा लागतो. नेहमीच्या विमा पॉलिसीतही यांत्रिक बिघाड बसत नाही. पाणी गेल्याने झालेल्या नुकसानीसाठी 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं, आणि न कळवलेले बदल सापडले तर तो दावाही अडतो.

आपलीही बाजू स्वच्छ हवी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषण आणि आवाजाचा नियम मोडला तर कलम १९० खाली १०,००० पर्यंत दंड आहेच. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पुण्यात रोडरोलर फिरलेला आपण पाहिला आहे! बेकायदा बदल माहीत असून घेतले, तर न्यायालयात पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.

नाव बदलायलाही उशीर नको. फॉर्म २९ आणि ३० तेव्हाच भरा. इंजिन बदललं तर नवा क्रमांक आरसीवर चढवून घ्या, नाहीतर पुढच्या खरेदीदाराच्या तक्रारीत तुम्हीच विकणारे असाल.

थोडक्यात सांगायचं तर

टोकन देण्याआधी विकणाऱ्याला एकच मेसेज टाका: "गाडीत कोणकोणते बदल केले, कुठे केले, इंजिन कधी उघडलं होतं, ते सगळं लिहून पाठवा." खरा माणूस बिलांसकट पाठवेल. जो म्हणेल, "अहो, विश्वास ठेवा ना!", त्याला नमस्कार करून पुढची गाडी बघा. त्या एका मेसेजला पैसे लागत नाहीत, आणि उद्या इंजिनचं काम निघालंच, तर आत निघालेले पिस्टन ताडून पाहायला तोच कागद हातात असेल.