मेंदूची शस्त्रक्रिया आणि चुंबकीय प्रतिमा

मेंदूतील काही अर्बुदे निरोगी भागात अशी मिसळलेली असतात की, शल्यचिकित्सकाला दोहोंमधील सीमा नुसत्या डोळ्यांनी नेमकी ओळखता येत नाही. अर्बुदाचा अंश मागे राहिल्यास ते पुन्हा वाढू शकते. निरोगी भाग काढला गेल्यास रुग्णाची वाचा अथवा हातापायांची हालचाल जाण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेली एम.आर.आय. प्रतिमा येथे नकाशाप्रमाणे उपयोगी पडते. परंतु कवटी उघडल्यावर मेंदूभोवतीचा द्रव वाहून जातो, अर्बुद काढू लागताच पोकळी निर्माण होते आणि मेंदू जागेवरून किंचित सरकतो. मग आधीचा नकाशा तंतोतंत लागू पडत नाही. म्हणून शस्त्रक्रिया चालू असतानाच नवी प्रतिमा घेण्याची पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेतील बोस्टन येथील ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात विकसित करण्यात आली. प्रतिमेत अवशेष आढळल्यास तो त्याच वेळी काढता येतो. रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागत नाही.

जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील एका चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीने २४ पैकी २३ रुग्णांचे प्रतिमेत दिसणारे अर्बुद पूर्णपणे काढता आले. नेहमीच्या पद्धतीने हे प्रमाण २५ पैकी १७ होते.

या पद्धतीस वेळ व खर्च अधिक लागतो, आणि चुंबकाजवळ लोखंडी उपकरणे नेता येत नाहीत. शिवाय यंत्र केवळ अवशेष दाखविते. तो काढणे रुग्णाच्या हिताचे आहे किंवा नाही, हा निर्णय शल्यचिकित्सकासच घ्यावा लागतो.