हॉटेल कंपनीचा वार्षिक अहवाल कुठून वाचावा?

प्रश्न : मी नोएडात राहतो. आयटीडीसीचे (भारत पर्यटन विकास महामंडळाचे) थोडे शेअर आहेत. जाडजूड वार्षिक अहवालात नेमके काय पाहू?

उत्तर : नफ्याच्या आकड्यावर थांबू नका. दिल्लीचे 'अशोक' हॉटेल चालवणारी ही सरकारी कंपनी. तिचा लेखापरीक्षक 'कॅग', म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, नेमतात. म्हणून आधी लेखापरीक्षकाचा अहवाल आणि कॅगचे शेरे वाचा. 'सशर्त मत' (म्हणजे काही बाबींवर आक्षेप) असे शब्द दिसले, तर पुढचा परिच्छेद सावकाश वाचा. मग हिशेबाच्या टिपांमध्ये येणी किती जुनी आहेत ते पाहा. मेजवानीचे बिल दिले म्हणजे पैसे हाती आले असे नव्हे. शेवटी कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा भाग : स्वतंत्र संचालक किती, बैठकांना हजर किती? अध्यक्ष कार्यकारी असेल, तर किमान निम्मे संचालक स्वतंत्र हवेत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. प्रश्न आधीच लिहून पाठवा.