घड्याळाचा विमानप्रवास

सापेक्षता हा शब्द उच्चारला की सभागृहातील अर्धी मंडळी माना डोलावतात आणि उरलेली घड्याळाकडे पाहू लागतात. आम्ही तर इतिहासाचे शिक्षक. परंतु या विषयात घड्याळाकडेच पाहावयाचे असते, म्हणून स्मरणिकेच्या वाचकांपुढे हा धडा ठेवण्याचे धाडस करीत आहोत.

प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. पाहणारा उभा असो वा धावत असो, त्याला हा वेग तेवढाच आढळतो, असे १९०५ साली आइन्स्टाइन यांनी मांडले. वेग अढळ मानला तर दुसरे काही ढळलेच पाहिजे. ढळतो तो काळ. वेगाने जाणारे घड्याळ मंद चालते. १९१५ च्या सिद्धांताने त्यात भर घातली : गुरुत्वाकर्षण क्षीण होते तेथे, म्हणजे उंचावर, घड्याळ जलद चालते. आता ताशी ९०० किलोमीटर जाणारे विमानदेखील प्रकाशाच्या बारा लाखांश वेगाचे. मग हा फरक मोजणार कसा?

जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी तो मोजला. ऑक्टोबर १९७१ मध्ये चार सीझियम अणुघड्याळे घेऊन ते नेहमीच्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरले. एकदा पूर्वेकडून, एकदा पश्चिमेकडून. घड्याळांसाठी जागा लागली, तिकिटे निघाली ‘मिस्टर क्लॉक’ या नावाने! परतल्यावर अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतील घड्याळांशी ताळा केला. पूर्वेकडे गेलेली घड्याळे सरासरी ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती, पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात प्रकाश जेमतेम फूटभर जातो.

विद्यार्थी येथे हमखास हात वर करतात : दोन्ही विमाने वेगातच होती, मग एक मागे आणि एक पुढे कसे? प्रश्न रास्त आहे. वेधशाळेतील घड्याळ स्थिर आहे, हे आपण गृहीत धरतो. पण जमीनच पूर्वेकडे फिरते, विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर. पूर्वेच्या विमानाचा वेग त्यात मिळतो, पश्चिमेच्या विमानाचा वजा होतो. त्यामुळे पश्चिमेचे विमान जमिनीवरील घड्याळापेक्षाही सावकाश जात असते. गणित असे : पूर्वेस वेगामुळे १८४ मागे, उंचीमुळे १४४ पुढे, म्हणजे ४० मागे. पश्चिमेस वेगामुळे ९६ आणि उंचीमुळे १७९, दोन्ही पुढे, म्हणजे २७५. प्रत्यक्ष मोजलेले आकडे वर दिलेच आहेत. पूर्वेकडील तफावत मोठी भासेल. पण त्या अनुमानातच २३ नॅनोसेकंदांची कमीअधिक मुभा धरलेली होती.

विमानांचे शौकीन यावर विचारतात, तरुण राहण्यासाठी जन्मभर पूर्वेकडेच उडावे काय? आम्ही हिशेब करून पाहिला. एक सेकंद वाचविण्यास सुमारे एक कोटी सत्तर लाख प्रदक्षिणा लागतील, आणि त्या पहिल्या फेरीला लागलेल्या ६५ तासांच्या चालीने केल्यास सव्वा लाख वर्षे. विमानातील जेवणाचा विचार येथे केलेला नाही.

तरीही हा फरक क्षुल्लक म्हणून सोडता येत नाही. मोबाईलवर रस्ता दाखविणाऱ्या जीपीएस उपग्रहांतील घड्याळे जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्यात प्रकाश अकरा किलोमीटर कापतो. म्हणून ती घड्याळे वर पाठविण्यापूर्वीच तेवढी मंद लावून ठेवतात.